पान १७७

४ मार्च

मावशी,

नमस्कार. फोनवर तू पुस्तकांबद्दल बोलत नाहीस, "फोनवर माणूस नुसता हो ला हो करतो" म्हणतेस, म्हणून हे पत्र. काम फुकटचं आहे आणि घाईचंही आहे.

ग्रंथालय मंडळाने आमच्या साप्ताहिकाकडून एक यादी मागितली आहे. गेल्या पंधरा वर्षांत निघालेली, कथा-कादंबऱ्या सोडून, खऱ्या माणसांबद्दलची आणि खऱ्या गोष्टींबद्दलची दहा पुस्तकं. आणखी तीस वर्षांनीही कुणीतरी उघडावीत अशी. मंडळ ती आपल्या एकशे चाळीस वाचनालयांत घेणार आणि जागा व्हावी म्हणून त्या काळातली बाकीची माहितीपर पुस्तकं हळूहळू रद्दीत काढणार. थोडक्यात, मी लिहीन ते राहील, उरलेलं जाईल. पुस्तकांचं पान सहा वर्षं मी सांभाळते म्हणून संपादकांनी हे माझ्या गळ्यात घातलं. "यादी गाजली तर पुरवणी तुझी," म्हणाले. नाही गाजली तर काय, ते बोलले नाहीत. फक्त चष्मा काढून पुसत बसले.

नऊ नावं ठरली आहेत, सोबतच्या कागदावर बघ. पहिल्याबद्दल वादच नाही: 'नळाच्या मागे'. पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या इंजिनिअरने लिहिलेलं. शहराच्या पोटातून पाणी कसं फिरतं, कोण ते फिरवतं, कोण अडवतं. चार वर्षांत आठ आवृत्त्या, पुरस्कार, शाळांत बक्षीस म्हणून वाटतात. मागच्या कव्हरवर माझंच वाक्य आहे: "शेवटच्या पानापर्यंत निर्भीडपणे प्रामाणिक."

दहावं तू सुचव. तीस वर्षं वाचनालय चालवतेस, तुला माहीत असणारच. यादी १० एप्रिलला द्यायची आहे.

तुझी
टिटवी


१३ मार्च

टिटवे,

आशीर्वाद. तुझी नऊच्या नऊ पुस्तकं माझ्याकडे आहेत, म्हणून मत देण्याआधी ती कपाटातून काढून टेबलावर मांडली.

पुस्तक टिकेल की नाही हे मी कसं ओळखते, ते तुला कधी सांगितलं नाही. पुस्तक मिटलेलं ठेवायचं, खिडकीजवळ न्यायचं आणि पानांची मोकळी कड बघायची. पान उलटताना बोट लागतं, तिथे मळ चढतो. शंभर जणांनी शेवटपर्यंत वाचलेलं पुस्तक कडेला सगळीकडे सारखं करडं होतं. शंभर जणांनी नेलं पण अर्ध्यात सोडलं, तर जिथे सोडलं तिथे मळ संपतो, भिंतीला अर्धाच रंग दिल्यासारखा. परीक्षणं खोटं बोलू शकतात, खपाचे आकडे बोलू शकतात, वाचकही परत करताना "छान होतं हो" म्हणतात. कड बोलत नाही, पण तिला खोटंही येत नाही.

तुझ्या नऊपैकी सहा पुस्तकांचा मळ पन्नासाव्या पानाच्या आत संपतो. नव्याचे नऊ दिवस, दुसरं काय.

'नळाच्या मागे'च्या माझ्याकडे दोन प्रती. चार वर्षांत दोन्ही मिळून दोनशे बारा वेळा गेल्या. मळ पान अठ्ठेचाळीसपर्यंत. पुढे कड दुधासारखी पांढरी. आणि ते न वाचलेल्यांत मीही एक, हे लक्षात आल्यावर लाज वाटली. तुझं परीक्षण वाचून मी ते लोकांच्या हातात देत होते. मग परवा वाचायला बसले.

पुस्तक खरंच चांगलं आहे. माणूस फुशारकी न मारता लिहितो. एकशे शहात्तराव्या पानावर तो म्हणतो, "आता ते सांगतो, ज्याच्यासाठी हे पुस्तक लिहायला घेतलं." मी समोरच्या पानावर गेले.

पान १७७ वर कोंबड्या आहेत.

पिल्लांना पहिल्या आठवड्यात ऊब कशी द्यावी. मग खाद्य, मग पंखांचे रोग. १९२ पर्यंत, सोळा पानं. १९३ वर पुन्हा पाणी, एका अर्ध्या वाक्यापासून. वाचनालयात पुस्तक बांधताना माझाच हात चुकला असेल म्हणून दुसरी प्रत उघडली. तिथेही कोंबड्या. एक पहिल्या आवृत्तीची, एक पाचव्या.

तुझी प्रत बघ आणि मला कळव.

मावशी


२० मार्च

मावशी,

पत्र ऑफिसात उघडलं आणि बराच वेळ तसंच हातात धरून बसले. शेजारच्या मुलीने विचारलं, घरी सगळं ठीक ना.

माझी प्रत मी कुणाला तरी दिली होती. म्हणून जेवणाच्या सुट्टीत दुकानात गेले. आठव्या आवृत्तीच्या अकरा प्रती होत्या, अकराही उघडल्या. दुकानदार म्हणाला, "ताई, घ्यायचं असेल तर एकच पुरतं." सगळ्यांत कोंबड्या.

तिथूनच छापखान्यात गेले. फोरमनने दोन मिनिटांत सांगितलं. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांनी छापतात. त्याच महिन्यात त्यांच्याकडे कुक्कुटपालनाचं पुस्तक होतं, तोच आकार, तोच टाईप. बाराव्या फर्म्याच्या प्लेटांची अदलाबदल झाली. दोन्हीकडे आकडे १७७ ते १९२ असेच, म्हणून जुळवणाऱ्या बायकांना काही वेगळं दिसलं नाही. पुढच्या आवृत्त्या त्याच प्लेटांवरून. मी विचारलं, कुणाची तक्रार? तो म्हणाला, "आली की. पहिल्याच महिन्यात. कोंबडीवाल्यांची. त्यांच्या पुस्तकात पाण्याचे पाईप निघाले. तीनशे प्रती परत आल्या, आम्ही बदलून दिल्या. तुमच्या पुस्तकाचं कुणी काही म्हणालंच नाही, मग आम्हाला वाटलं ते बरोबरच असेल."

एकवीस हजार प्रती, मावशी. पुरस्काराच्या निवड समितीचे पाच जण. तेरा परीक्षणं.

माझं म्हणशील तर मी छपाईआधीचा मजकूर वाचला होता, तो व्यवस्थित होता. त्यामुळे मला हे कळायचा प्रश्नच नव्हता. आता प्रकाशकाला सांगून टाकते.

टिटवी


२५ मार्च

टिटवे,

कोंबड्या पाळणाऱ्यांनी महिन्यात पकडलं. त्यांना पिल्लं जगवायची होती, म्हणून त्यांनी वाचलं. हे वाक्य मी दोन दिवस मनात घोळवते आहे.

आता एक विचारते, रागावू नकोस. तू छपाईआधीचा मजकूर वाचलास, तर १७७ ते १९२ मध्ये काय होतं? दोन ओळींत सांग. "ज्याच्यासाठी हे पुस्तक लिहायला घेतलं" असं तो माणूस म्हणतो आणि पुढचं मला कळत नाही, याने मला चैन पडत नाही.

आणि प्रकाशकाकडे आधी जाऊ नकोस. लेखक तुझ्याच शहरात राहतो ना? पुस्तक त्याचं आहे. आधी त्याला सांग.

मावशी

ता. क. दहाव्या पुस्तकाचं विचारलं होतंस. 'सांगायचं कसं'. एका नर्सने लिहिलेलं, बारीकसं. माणूस आता जगणार नाही हे त्याच्या घरच्यांना कसं सांगतात, त्याबद्दल. पुरस्कार नाही, परीक्षण नाही, तुझ्या पानावरही नाही. माझ्याकडची प्रत दोनदा पुन्हा शिवून घेतली. कड पहिल्या पानापासून शेवटापर्यंत काळी.


३१ मार्च

मावशी,

मला माहीत नाही त्या पानांत काय होतं. म्हणजे तेव्हा माहीत नव्हतं. प्रकाशकाने पहिली तीन प्रकरणं आणि एक टिपण पाठवलं होतं, दुसऱ्या दिवशी पान छपाईला जायचं होतं. तीन प्रकरणं वाचली, आवडली, लिहिलं. नंतर पुस्तक आलं, ते वाचायचं राहिलं, मग ते गाजलं, मग ते वाचलेलंच आहे असं मलाही वाटायला लागलं. समितीने निवेदनात माझीच वाक्यं घेतली. बाकीच्यांनी समितीची घेतली. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि ती जीभ माझी.

काल मी त्यांच्याकडे गेले. गल्लीत सगळे त्यांना नळकाका म्हणतात. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, बहिणीसोबत राहतात, तिला ते अक्का म्हणतात. टेबलावर वर्तमानपत्र पसरून कुणाचा तरी नळ खोलून बसले होते. "लेखक म्हणून बोलावतात," म्हणाले, "आणि सत्कार झाला की मोरीतला गळका नळ दाखवतात."

मी विचारलं, छापलेलं पुस्तक तुम्ही वाचलंत का.

"नाही. सही करून पाठवलेला कागद परत उघडायचा नाही, खात्यातली सवय आहे. आणि खरं सांगू का, ते प्रकरण पुन्हा डोळ्यांसमोर नको होतं."

"स्वतःच्या पुस्तकाला हा कव्हर घालून ठेवतो," अक्का आतून म्हणाल्या. "जसं काही परीक्षेला बसायचंय."

मी म्हटलं, कुठलं प्रकरण. त्यांनी माझ्याकडे चमकून बघितलं. "तुम्ही विचारता? तुम्हीच तर लिहिलंत, निर्भीडपणे प्रामाणिक. मी ते कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय." मग हळू आवाजात म्हणाले, "पुस्तक आलं तेव्हा पहिले सहा महिने मी घराबाहेर पडायला घाबरायचो. सत्काराला गेलो की वाटायचं, आज कुणीतरी उठणार आणि म्हणणार, नऊ माणसं मारलीस. कुणी उठलं नाही. उलट टाळ्या वाजवल्या. हळूहळू कळलं, लोकांनी वाचलं आणि मला सोडून दिलं. माणसं एवढी चांगली असतात हे मला साठी उलटल्यावर कळलं."

मावशी, माझ्या पिशवीत ते पुस्तक होतं, १७७ वर खूण घालून. मी पिशवीची चेनसुद्धा उघडू शकले नाही. लेखासाठी हवंय असं खोटं सांगून त्यांचं हस्तलिखित मागितलं आणि तिथेच बसून ती पानं वाचली.

रंगाच्या कारखान्यामागे एक गल्ली. तिथली पाण्याची लाईन फुटली, दुरुस्त झाली. शेजारून गटाराची लाईन. नियम असा की व्हॉल्व्ह उघडण्याआधी इंजिनिअरने स्वतः जाऊन खड्डा बघायचा, पाण्याची बाटली भरून तपासायला पाठवायची. त्या दिवशी ऊन होतं आणि टेबलावर कामाचा ढीग होता. त्यांनी जागेवरूनच कागदावर लिहिलं, "पाहिलं, ठीक आहे," आणि सही केली. गटाराचं पाणी नळात शिरलं, अकरा दिवसांत नऊ माणसं गेली. सहा लहान. चौकशीत जुन्या पाईपावर खापर फुटलं. पुढच्या वर्षी त्यांना बढती मिळाली. नऊ घरांची नावं त्यांनी एकाखाली एक लिहिली आहेत आणि शेवटी लिहिलं आहे, "हे वाचल्यावर यांच्यापैकी कुणी माझ्या दारात आलं, तर मी दार उघडेन."

काही न सांगता मी खाली उतरले.

आता एक मार्ग सुचतो. मंडळाने पुस्तक घेतलं की नववी आवृत्ती निघेल. फोरमनला सांगून बाराव्या फर्म्याच्या प्लेटा गुपचूप बदलून घेते. एकशे चाळीस वाचनालयांत खरं पुस्तक जाईल. नळकाकांना कधी कळणार नाही, माझंही झाकलं जाईल, यादीही होईल. कुणाचंच नुकसान नाही. नाही ना?

टिटवी


४ एप्रिल

टिटवे,

तुझं पत्र टपाल आल्या आल्या उभ्यानेच वाचलं. एक वाचक समोर पुस्तक बदलून घ्यायला थांबला होता, तो मला दिसेनासाच झाला. मग वाचनालय अर्धा तास बंद ठेवलं. तीस वर्षांत पहिल्यांदा.

तुला रागावायला मी आधी स्वच्छ असायला हवी. कड चार वर्षं माझ्यासमोर होती, दर आठवड्याला हातातून जात होती. मी बघितली नाही, कारण भाचीचं नाव मागे छापलेलं होतं. दोनशे बारा वेळा दिलं मी ते. तुझ्या एकवीस हजारांत माझे दोनशे बारा धर.

तुझा मार्ग सोपा आहे, आणि सोपा आहे म्हणूनच मला त्याची भीती वाटते. नववी आवृत्ती निघाली आणि त्या गल्लीतल्या एखाद्या घराने ती वाचली, समज. ते माणूस त्याच्या दारात उभं राहील. म्हातारा दार उघडेल आणि त्याला कळणारच नाही, की हे चार वर्षांनी आज का. ज्या माफीवर तो जेवतो, झोपतो, ती त्याला कुणी दिलेलीच नाही. ती तू आणि मी न वाचता दिली. आपली नव्हती ती द्यायला.

त्याने मोठ्या मुश्किलीने कबूल केलं आणि आपण ते ऐकलंच नाही. वर टाळ्या वाजवल्या. याहून वाईट मी काही ऐकलं नाही.

सांग त्याला. यादी जायच्या आत सांग. आणि पिशवीची चेन घरूनच उघडी ठेवून जा.

मावशी


९ एप्रिल

मावशी,

सांगितलं.

पुस्तक उघडून त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, "पिल्ले एकमेकांवर चढू लागली, तर त्यांना थंडी वाजते आहे असे समजावे." माझ्याकडे बघितलं. "हे माझं नाही." पुढचं पान उलटलं, मग त्याच्या पुढचं. सोळाही पानं उलटली, एकेक करून. अक्का दारात येऊन उभ्या राहिल्या.

"कुठल्या प्रतीत आहे हे?"

मी म्हटलं, सगळ्या.

त्यांनी पुस्तक मिटलं. अक्कांनी पंखा बंद केला आणि परत लावला, का ते त्यांनाही माहीत नसावं. मग ते म्हणाले, "म्हणजे अजून कुणालाच माहीत नाही." आणि थोड्या वेळाने, "म्हणजे सांगायचं राहिलंच."

मग मी माझं सांगितलं. तीन प्रकरणं, टिपण, दुसऱ्या दिवशीची छपाई. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"पाहिलं, ठीक आहे. असं?"

मी हो म्हटलं. ते उठले, कपाट उघडलं, दाराच्या आतला तो कागद नखाने सोलून काढला आणि माझ्या हातात दिला. चहा विचारला नाही. विचारला असता तर मला घेता आला नसता.

आज संपादकांना यादी दिली. शेवटच्या पानापर्यंत वाचल्याची शपथ घेता येईल अशी माझ्याकडे फक्त चार पुस्तकं निघाली. 'सांगायचं कसं' चौथं, परवा संपवलं. उरलेल्या सहांसाठी मंडळाकडे एक वर्ष मागितलं आहे, आणि तोवर काहीही रद्दीत काढू नका असं लिहिलं आहे. 'नळाच्या मागे' बद्दल लिहिलं, की ते अजून प्रकाशित झालेलं नाही. का ते खाली सविस्तर, माझ्या नावासकट.

संपादक म्हणाले, "हे छापलं तर आपलं पुस्तकांचं पान कोण वाचेल?" मी म्हटलं, आत्ता कोण वाचतंय. ते छापणार आहेत. पान पुढच्या आठवड्यापासून दुसऱ्याकडे दिलं आहे, मला बाजारभावांवर टाकलं. तिथे निदान चूक झाली तर दुसऱ्या दिवशी फोन येतात.

नळकाकांना मी तुझा पत्ता दिला आहे. तूच कोंबड्यांपर्यंत पोचलेली पहिली.

टिटवी


२ मे

वाचनालयाच्या बाईंना,

नमस्कार. आपली ओळख नाही. माझ्या पुस्तकाच्या आपण पहिल्या वाचक, असं आपल्या भाचीने सांगितलं. सोबत सोळा पानांचे दोन फर्मे आहेत. आपल्या दोन प्रतींत चिकटवावेत. खळ पातळ ठेवा, नाहीतर कागद आखडतो.

फोरमनने दोनशे फर्मे छापून दिले. त्यातले नऊ घेऊन मी रंगाच्या कारखान्यामागच्या गल्लीत गेलो. आपली भाची सोबत येते म्हणत होती, मी नको म्हटलं. आजवर सगळे कागद मी माणसांकरवीच पाठवले.

पाच घरं ती गल्ली सोडून गेली आहेत, त्यांचे पत्ते शोधतो आहे. उरलेल्या चारांपैकी एका घरी दार आपटलं. एका घरी म्हाताऱ्याने पानं घेतली आणि मला जायला सांगितलं. एका घरी कुलूप होतं.

चौथ्या घरी एक बाई होती, चाळिशीची. म्हणाली, "तुमचं पुस्तक आहे की आमच्याकडे. धाकट्याला शाळेत बक्षीस मिळालं." फळीवरून काढून दाखवलं. मी म्हटलं, त्यात हे नाही. तिने वरचं पान बघितलं, गल्लीचं नाव वाचलं, आणि मला बसायला सांगितलं. स्वतः उभी राहून वाचू लागली. मग खाली बसली. मी तिच्याकडे बघत नव्हतो, पान उलटल्याचा आवाज तेवढा येत होता. आठ वेळा आला. मध्ये एकदा ती मागे गेली, एक पान पुन्हा वाचलं. पुस्तक वाचणारं माणूस मी असं समोर बसून कधी पाहिलं नव्हतं.

मला वाटलं होतं ती रडेल किंवा मारेल. दोन्हीची तयारी होती. तिने पानं नीट जुळवली आणि विचारलं, "सही किती वाजता केलीत? ते लिहिलं नाही तुम्ही."

मी आठवलं. जेवणानंतर. म्हटलं, तीन वाजता.

"गल्लीत पाणी साडेचारला आलं," ती म्हणाली. "मीच भरलं. मोठीला तहान लागली होती." मग तिने बोटांवर वेळ मोजली. "दीड तास होता तर."

तिने मला पेन दिलं. मी त्या पानाच्या समासात वेळ लिहिली. आपल्या दोन फर्म्यांतही लिहिली आहे, तशीच ठेवावी. पुढच्या छपाईत ती मजकुरात घेतो आहे.

आपला,
पाणीपुरवठा खात्यातला निवृत्त इंजिनिअर